उघडायचं की नाही

"एकदा कात्री लावली की परत चिकटवता येत नाही, ताई," मगदूमसाहेब म्हणाले आणि हातातली पुठ्ठ्याची पेटी त्यांनी टेबलावर ठेवली, झोपलेल्या तान्ह्या मुलाला ठेवावं तशी.

"मग नको लावायला," मी म्हटलं.

"पण न लावून तरी काय? आत नाणं कसलं आहे, कसं कळणार?"

"मग लावूया."

"असं कसं वो? विचार करायला पाहिजे."

त्या वर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत हेच बोलणं आमच्यात दर रविवारी व्हायचं. मी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत अख्खी नोकरी काढलेली बाई. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत "विटा गाडी तीन नंबरला लागली, पुढचं कोण?" म्हणायची सवय. इतका घोळ घालणारा माणूस खिडकीशी आला असता तर त्याच्या मागच्या रांगेनंच त्याला उचलून बाजूला केलं असतं. मगदूमसाहेबांना मात्र मी चहा विचारत होते, आणि दुसरा कप घेणार का, तेही.

ज्येष्ठात माझा भाऊ गेला. गजानन वाळवेकर, मिरजेच्या पोस्टात पार्सलच्या काउंटरला होता. मी त्याला अण्णा म्हणायची. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याचं का नाही आणि माझं का नाही, या दोन वेगळ्या हकिकती आहेत आणि दोन्ही कंटाळवाण्या आहेत. विश्रामबागेत दोन खोल्यांचं घर आम्ही मिळून घेतलं. सकाळी तो मिरजेला, मी स्टँडवर, आणि संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून दिवसभरात भेटलेल्या लोकांची टिंगल करायचो. निवृत्त झाल्यावर टिंगल करायला लोक उरले नाहीत, म्हणून एकमेकांची करायला लागलो.

अण्णाच्या दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे रबर. कशालाही रबर लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दुधाच्या पिशवीला रबर, वर्तमानपत्राला रबर, गोळ्यांच्या पट्ट्यांना रबर, माझ्या पोथीलासुद्धा. डाव्या मनगटात कायम पाच-सहा लाल-पिवळी रबरं, बांगड्या भरल्यासारखी. दवाखान्यातून मला त्याचा चष्मा, घड्याळ आणि तीच रबरं एका पिशवीत घालून दिली.

दुसरी खोड नाण्यांची. सरकार कुणा थोर माणसाच्या नावानं, कुठल्या तरी संस्थेच्या शताब्दीला खास नाणी काढतं. ती बाजारात येत नाहीत. टांकसाळीकडे आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, आणि आपण विसरून गेल्यावर कधीतरी रजिस्टर पार्सलनं संच घरी येतो. आत एक चांदीचं मोठं नाणं, सोबत साध्या धातूची दोन-तीन, वर प्लॅस्टिक, त्यावर पुठ्ठ्याची पेटी, पेटीला सील. अण्णाचं पार्सल अण्णाच्याच काउंटरला यायचं. तो स्वतःच सही करून स्वतःकडून ते घ्यायचा, घरी आणायचा, रबर लावायचा आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवायचा. उघडायचा नाही.

"अरे, बघ तरी आत काय आहे," मी म्हणायची.

"सीलबंद वस्तू उघडणं पोस्टातल्या माणसाचं काम नव्हे," तो म्हणायचा.

अशा पंधरा-सोळा पेट्या कपाटात जमल्या होत्या. अण्णानं त्यातलं एकही नाणं कधी पाहिलं नाही.

तेरावा झाला, आले-गेले आपापल्या घरी गेले. मग घर असं काही गप्प झालं की एकदा मी कुकरला मोठ्यानं सांगितलं, "तिसरी शिट्टी लागलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी." स्वतःचा आवाज ऐकून हसायला आलं. आणि हसणारी मी एकटीच आहे हे लक्षात आल्यावर गॅस बंद करून तशीच ओट्याशी उभी राहिले.

मगदूमसाहेब आले ते त्याच आठवड्यात. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. म्हणाले, "मी अशोक मगदूम. माधवनगरला राहतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. वाळवेकरसाहेबांची नि माझी काउंटरवरची ओळख. माझे पण नाण्यांचे संच तिथंच यायचे. मला उशिरा कळलं वो."

मी त्यांना बसवलं. अण्णाच्या आठवणी निघाल्या. माझ्या घरात कुणीतरी अण्णाबद्दल बोलतंय आणि तो माणूस आमच्या नात्यातला नाही, याचं मला बरं वाटलं. नातेवाईक गेलेल्या माणसाबद्दल बोलतात ते पाठ केल्यासारखं. या गृहस्थांनी सांगितलं की अण्णा पार्सलावरचा पत्ता वाकड्या अक्षरात असला तर पाठवणाऱ्यावर चिडायचा. ते खरं होतं.

"त्यांचे संच आहेत काय अजून?" त्यांनी विचारलं.

मी कपाटातून पेट्या काढून आणल्या. त्यांनी वरची एक उचलली. तिला लावलेलं लाल रबर वितळून पुठ्ठ्याला चिकटलं होतं. मगदूमसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग नखानं एका टोकाकडून हळूहळू ते सोलायला लागले.

"हे सगळ्यांना लावलंय?"

"सगळ्यांना. अण्णाची खोडच होती ती. मला रबर लावलं नाही एवढंच नशीब."

ते हसले नाहीत. सगळ्या पेट्यांची रबरं त्यांनी एकेक करून काढली, त्यांची गोळी केली आणि खिशात टाकली. पुठ्ठ्यावर आडवे तपकिरी पट्टे राहिले. मी म्हटलं, "नवी लावते, घरात ढीग आहे."

"नको, नको!" ते एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून, "सुती दोरा लावा. नाहीतर नुसतंच ठेवा."

माणूस टापटिपीचा दिसतोय, असं मला वाटलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला ग्रेडिंगची भानगड समजावून दिली. हल्ली म्हणे अशा कंपन्या असतात, त्यांच्याकडे नाणं पाठवलं की ते भिंगातून तपासतात आणि सत्तरपैकी गुण देतात. मग त्याला कडक प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमचं बंद करून वर गुणांची चिठ्ठी लावतात. चांगले गुण पडले तर नाण्याचा भाव कुठल्या कुठे जातो. पण त्यासाठी टांकसाळीचं सील कापून नाणं बाहेर काढावं लागतं. गुण कमी पडले तर सीलबंद संच म्हणून जी किंमत होती तीही गेली.

"म्हणजे परीक्षेला बसवायचं, आणि नापास झालं तर शाळेतूनही नाव काढायचं," मी म्हटलं.

"तसंच की. म्हणून म्हणतो, उघडायचं की नाही हा साधा प्रश्न नाही. घाई करू नका. पुढच्या रविवारी येऊन नीट बोलतो."

मला खरं तर प्रश्न साधा वाटत होता. पेट्यांना हात लावायचा नाही, अण्णानं ठेवल्या तशा राहू द्यायच्या, किंवा सगळं विकून टाकून मोकळं व्हायचं. यातलं काहीही मी उभ्या उभ्या ठरवलं असतं. पण "पुढच्या रविवारी" हा शब्द कानावर पडला आणि मी म्हटलं, "या की."

पुढच्या रविवारी मी कांदेपोहे केले. मगदूमसाहेबांनी बशी हातात घेतली आणि चमच्यानं पोहे बाजूला सारून एकेक शेंगदाणा खायला लागले. पाच मिनिटं मी बघत होते.

"मीठ कमी पडलंय का?"

"नाही, नाही. छान आहेत."

"मग शेंगदाणेच का वेचताय?"

ते ओशाळले. "चातुर्मास आहे वो. कांदा, बटाटा, लसूण बंद असतं आमचं. कार्तिकी पौर्णिमा झाली की करा कांदेपोहे, दोन बश्या खाईन."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही केलं होतं, म्हणून," ते म्हणाले.

त्या बोलण्यानं मला का कोण जाणे, भरून आलं. मी आत जाऊन शिरा ढवळायच्या निमित्तानं जरा वेळ काढला. त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी मी विचार करायला लागले की उद्या कांद्याशिवाय काय करायचं. कधी मटार घालून उपमा, कधी मुगाचं धिरडं, कधी गोड सांजा. रविवारी अकराच्या सुमाराला ते जैन बसदीतून दर्शन घेऊन परस्पर यायचे. पिशवीत माझ्यासाठी कोथिंबिरीची जुडी असायची, कधी दोडके. पेट्या टेबलावर यायच्या. ते एकेक पेटी उलटसुलट बघायचे, सील बघायचे, आणि मग आम्ही उघडायचं की नाही यावर बोलायचो. त्यावरून गाडी त्यांच्या बायकोवर जायची, जी सहा वर्षांपूर्वी गेली होती. मग बेंगळुरूच्या मुलावर, आणि कारखान्याच्या मळीचा वास अंगाला कसा चिकटतो यावर. माझ्याकडून स्टँडवरच्या गोष्टी. गाडी चुकलेल्या नवरदेवाची गोष्ट त्यांनी तीनदा सांगायला लावली.

एकदा त्यांनी पिशवीतून एक मळकी पुरचुंडी काढली. आत निरनिराळी जुनी-नवी नाणी. खुर्ची भिंतीकडे वळवून ते पाठमोरे बसले.

"एकेक टाका फरशीवर."

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. मी एक नाणं टाकलं.

"निकेल. जुना रुपया."

दुसरं टाकलं.

"स्टील. हल्लीचं."

तिसरं टाकलं तर ते फरशीवरून गात गेल्यासारखं लांबपर्यंत वाजत गेलं.

"चांदी," ते म्हणाले, आणि मान न वळवता पुढे म्हणाले, "चांदीचं सांगावं लागत नाही. लाखात ओळखू येते."

मी फसवायचं म्हणून स्वयंपाकघरातून चमचा आणून टाकला.

"हा तुमचा सांज्याचा चमचा," ते म्हणाले. आम्ही दोघंही इतके हसलो की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून वाकून बघितलं.

भाद्रपदात एका रविवारी मात्र ते उठता उठता म्हणाले, "ताई, किती दिवस हे चालायचं? पुढच्या खेपेला ठरवूनच टाकू. एक इकडं नाहीतर तिकडं."

"हो, टाकूच," मी म्हटलं.

ते गेले आणि मी अण्णाच्या खुर्चीत बसले. ठरलं की संपलं. उघडायचं ठरलं तर ते नाणी घेऊन कुरिअरवाल्याकडे जातील, नाही ठरलं तर पेट्या कपाटात जातील, आणि दोन्हीकडून त्यांना माझ्याकडे यायचं कारण उरणार नाही. एका बाईच्या घरी, तिचा भाऊ नसताना, एक विधुर माणूस उगाच दर रविवारी येईल असं आमचं गाव नाही. आणि आम्हीही तसे नाही. त्या आठवड्यात मला रविवार यावासा वाटत होता आणि येऊही नये असं वाटत होतं.

रविवार आला. मी आधीच म्हटलं, "मगदूमसाहेब, पितृपंधरवडा लागतोय. अण्णाचं पहिलं वर्ष. या दिवसांत त्याच्या वस्तूला कात्री नको."

मगदूमसाहेबांच्या धर्मात पितृपंधरवडा नाही. तरी त्यांनी चटकन मान डोलावली. "बरोबर आहे. मी पण तेच म्हणणार होतो." पंधरवडा संपला तेव्हा त्यांनीच काढलं की हवा फार दमट आहे, अशा हवेत नाणं उघडं पडू नये, दसरा जाऊ दे. दसरा झाला तेव्हा मी म्हटलं, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पेट्या देवापुढे ठेवायच्या आहेत, सीलबंदच बऱ्या. "हे एक मोठंच कारण आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

दिवाळीपूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले. फार लागलं नाही, पण मुलगा बेंगळुरूहून आला आणि म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. जाण्याआधी ते मुलाच्या गाडीतून आमच्या दारात आले. मुलगा गाडीतच बसून मोबाईलवर बोलत होता. मगदूमसाहेब आत आले, हातात काठी.

"महिनाभरात येतो. तोपर्यंत तुम्ही काही करू नका. उघडायचं तर माझ्यासमोरच उघडायचं."

"तुम्ही आल्याशिवाय नाही."

"आणि कांदेपोहे राहिलेत."

"राहिलेत," मी म्हटलं.

बाहेरून हॉर्न वाजला. ते लगबगीनं उठले आणि त्या घाईत चहा अर्धा राहिला. तो कप मी संध्याकाळपर्यंत विसळला नाही.

पुढच्या रविवारपासून अकराला फोन यायला लागला. "काय ठरलं?" असा प्रश्न. मी म्हणायची, "विचार चाललाय." मग ते सुनेबद्दल बोलायचे. ती चांगली आहे, पण घरात सगळे कामाला जातात. कानडी येत नाही असं नाही, पण सोसायटीत कुणी बोलतच नाही, लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे राहतात. मी हसायची. फोन ठेवला की घर पुन्हा होतं तसं.

नोव्हेंबरच्या शेवटी वर्तमानपत्रात वाचलं की कोल्हापुरात नाण्यांचं प्रदर्शन आहे, जाणकार तिथं नाणी तपासून देणार आहेत. मला वाटलं, आपण जाऊन यावं. काही ठरवायला नव्हे. पुढच्या रविवारी फोनवर सांगायला काहीतरी नवं हवं होतं. त्याच त्या विचार चाललाय-चाललायचा मलाच कंटाळा आला होता. शनिवारी एक पेटी पिशवीत घातली आणि कोल्हापूरची गाडी धरली.

एका मंगल कार्यालयात प्रदर्शन होतं. टेबलांवर काचेखाली नाणी, लोक भिंगं घेऊन वाकलेले. ओसवाल नावाचे पुण्याचे एक व्यापारी होते, त्यांच्यापुढे मी रांगेत उभी राहिले. नंबर आला. मी पेटी पुढे केली. त्यांनी ती घेतली, सीलकडे बघायच्या आधी पुठ्ठ्यावरच्या तपकिरी पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"रबर होतं याला?"

"हो."

"किती वर्षं?"

"वीसेक. आता काढलंय."

त्यांनी पेटी परत माझ्या हातात दिली. "बाई, ग्रेडिंगला पाठवून पैसे वाया घालवू नका. रबरात गंधक असतं. इतकी वर्षं रबर होतं म्हणजे आतली चांदी काळी पडलेली असणार. डागाळलेल्या नाण्याला गुण मिळत नाहीत."

"पण सील तर आहे."

"सीलला काय होतंय? गंधक पुठ्ठ्यातून आत जातं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, रबराचा पट्टा बघितला की पेटी हातातसुद्धा घेत नाहीत. तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही?"

"आमच्याकडे एक जाणकार गृहस्थ बघायला येत होते," मी म्हटलं. "सांगलीचे मगदूम म्हणून."

"माधवनगरचे? साखर कारखान्यातले?" ओसवाल खुर्चीत सरळ झाले. "अहो, हे रबराचं आम्हाला त्यांनीच शिकवलंय. त्यांनी ही पेटी बघितली आणि तुम्हाला काही बोलले नाहीत?"

"चार महिने बघत होते," मी म्हटलं.

ओसवाल माझ्याकडे बघत राहिले. मागचा माणूस म्हणाला, "बाई, आटपा जरा." चौकशीच्या खिडकीत मी लोकांना हेच म्हणायची.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पहिल्या दिवशी, पहिली पेटी हातात घेतल्याबरोबर त्यांना कळलं होतं. रबरं खिशात घालून नेली ती म्हणून. नवं रबर लावू दिलं नाही ते म्हणून. आणि मग चार महिने उघडायचं की नाही, उघडायचं की नाही! मला खुळी समजले. किंवा त्याहून वाईट, माझी कीव केली. भाऊ मेलेली एकटी म्हातारी, तिला गुंतवून ठेवावं, चार घटका जाऊन बसावं, पुण्य लागेल. हातकणंगल्याला कुणीतरी शेजारी येऊन बसलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "कीव!" ती बाई उठून पुढच्या बाकावर गेली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रविवारी सकाळी आंघोळसुद्धा न करता मी सगळ्या पेट्या फरशीवर मांडल्या. अण्णाची पार्सलं कापायची मोठी कात्री घेतली आणि पहिलं सील कापलं.

ओसवाल खरं बोलले होते. साध्या धातूची नाणी लख्ख होती, जणू काल पाडलेली. आणि मधल्या खाचेतलं चांदीचं मोठं नाणं तव्याच्या बुडासारखं काळं. दुसरी पेटी, तेच. तिसरी, तेच. मी कापत गेले. प्रत्येक पेटीत अण्णानं जपून ठेवलेलं तेवढंच नासलं होतं. त्यानं जर या पेट्या नुसत्या फेकून दिल्या असत्या, विसरला असता, तरी त्या चांगल्या राहिल्या असत्या. पण त्याला माया होती, म्हणून त्यानं रबर लावलं. तेव्हा मला रडू फुटलं. तो गेल्यापासून मी इतकी मोकळी रडले नव्हते. हातातली कात्री तशीच, मांडीवर काळी नाणी, आणि मी "अण्णा, अण्णा" करत होते.

सगळ्या पेट्या कापून झाल्या तेव्हा फोन वाजला. अकरा वाजले होते.

मी पदरानं तोंड पुसलं आणि उठले. काय बोलायचं ते मी गाडीतच ठरवलं होतं. मगदूमसाहेब, मला काही उपकार नकोत. तुमची कोथिंबीर तुम्हाला लखलाभ. आणि पुन्हा या घरी फोन करू नका. तीन वाक्यं, खिडकीतल्या आवाजात.

"हॅलो," मी म्हटलं.

"ताई, मगदूम बोलतोय." आवाज बारीक झाला होता. मागून कुठला तरी टीव्ही चालू होता आणि त्यावर कानडीत कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत होतं. "कालपासून वाट बघत होतो वो रविवारची. इथं वार कळत नाहीत. सुनेला दोनदा विचारलं, आज रविवारच ना? ती म्हणाली, बाबा, तुम्हाला काय करायचंय रविवारचं?"

मी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"मी तिला म्हटलं, एक महत्त्वाचं काम असतं माझं रविवारी. सांगलीला एक मोठा निर्णय अडलाय माझ्यावाचून." ते हसले. मग थांबले. फोन हातात घट्ट धरल्यासारखा त्यांचा श्वास जवळ ऐकू आला. "ताई, आहात ना? काय ठरलं? उघडायचं की नाही?"

ठरवलेली तीन वाक्यं कुठं गेली कोण जाणे. माझ्यासमोर फरशीभर कापलेल्या पेट्या पडल्या होत्या. प्लॅस्टिकच्या चिंध्या, सीलचे तुकडे, पुठ्ठ्यांवरचे ते तपकिरी पट्टे. माणसाची कीव करणारा आवाज मी नोकरीत हजारदा ऐकलाय. हा तो नव्हता. हा आवाज मी ज्येष्ठापासून माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच तोंडून ऐकत होते.

"नाही हो," मी म्हटलं. "अजून काहीच ठरलेलं नाही. तशाच आहेत कपाटात."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला सुस्कारा बेंगळुरूहून मला ऐकू आला. "मला धास्ती होती, तुम्ही कुणालातरी दाखवाल."

"कुणाला दाखवणार? पौर्णिमा झाली. कांदा खायला लागलात की नाही?"

"इथं सकाळी ब्रेड असतो वो."

मी हसले आणि स्टुलावर बसायला म्हणून वळले. मांडीवरचं एक नाणं लुगड्याच्या निऱ्यांत अडकून राहिलं होतं. ते सुटलं आणि शहाबादी फरशीवर पडलं. वरून काळं पडलं तरी चांदीच ती. खणखणीत वाजलं, आणि गोल गोल फिरत, गात गात, पार दारापर्यंत गेलं. मी पायानं अडवायला गेले तर ते माझ्या पायाला चुकवून आणखी वाजत राहिलं. मग कपाटाच्या पायाशी जाऊन थांबलं.

फोनवर आवाज नव्हता. मागचा टीव्हीसुद्धा कुणीतरी बंद केला असावा.

"काय पडलं वो?" मगदूमसाहेबांनी विचारलं.

"चमचा," मी म्हटलं. "सांज्याचा."



"हां, चमचाच," ते म्हणाले. "मला तसंच वाटलं. ताई, पेट्यांचं काही घाईनं करू नका हं. मी आलो की बघू."

"बघू की," मी म्हटलं. "घाई कुठाय? पुढच्या रविवारी बोलू."